दार एक, पत्रा अडीच

अंबूताईंनी आजवर सदतीस चित्रं सुरू केली होती. संपवलं एकही नव्हतं.

तशा बाई रेघांना नवख्या नव्हत्या. सरकारी सर्वे खात्यात छत्तीस वर्षं काढलेली. कुणाचा बांध कुठं संपतो, कुणाची भिंत कुणाच्या परसात किती बोटं घुसलीय, ते कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. रेघ सरळ, खाली सही, वर शिक्का. रिटायर झाल्यावर त्यांना वाटलं, आता चार रेघा आपल्या मनाच्या मारू. म्हणून हुबळीत निवेदिताच्या चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. निवेदिता अठ्ठावीस वर्षांची, बोलायला गोड आणि शिकवायला भलतीच कडक. तिनं पहिल्याच दिवशी अंबूताईंच्या पिशवीतली स्टीलची पट्टी काढून घेतली आणि कपाटात कुलपात ठेवली.

नवशिक्यांना पहिले चार महिने मडकं असतं. अंबूताई मडकं काढायच्या. डावी कड उजवीसारखी आली नाही म्हणून डावी पुसायच्या. मग उजवी डावीसारखी वाटत नाही म्हणून उजवी. असं पुसून पुसून कागदाला भोक पडायचं. भोकातून खालचं टेबल दिसायचं, आणि ते मात्र हुबेहूब असायचं.

त्यांनी ती बॅच दोनदा केली. बरोबरची मंडळी जलरंगात जाऊन आकाश धुवायला लागली, अंबूताई मडक्याच्या काठावरच. तिसऱ्यांदा फी भरायला गेल्या तेव्हा निवेदितानं त्यांना समोर बसवलं.

"काकू, रविवारपर्यंत मला एक पुरं चित्र आणून द्या. बाहेर जाऊन, समोर बसून काढलेलं. घरी आणून गुळगुळीत केलेलं नको. रबर इथंच ठेवून जायचं. आणलंत तर जलरंगाला या. नाही आणलंत तर मडकं."

मडकं म्हटल्यावर अंबूताईंनी लगेच पिशवी उघडली. त्यांनी रबर टेबलावर ठेवलं, पिशवीच्या तळाशी होतं तेही ठेवलं, आणि चष्म्याच्या डबीत होतं ते निवेदितानं मागून घेतलं.

मग तिनं त्यांना बाहेर बसून काढायची रीत सांगितली. हात समोर ताठ धरायचा, पेन्सिल उभी, एक डोळा बंद. अंगठा पेन्सिलीवर सरकवत माप घ्यायचं. समोरची एक वस्तू एक धरायची, बाकी सगळं तिच्या किती पट ते बघायचं. डोळे अर्धे मिटून बघितलं की बारीकसारीक गोष्टी गळून पडतात, नुसता उजेड आणि काळोख उरतो. आणि कुठं अडलंच तर वस्तू सोडून द्यायची, तिच्या आजूबाजूची रिकामी जागा काढायची. वस्तूबद्दल आपल्याला नको इतकं माहीत असतं, म्हणून हात चुकतो. रिकाम्या जागेबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. शेवटचं म्हणजे, जिथं एकसुद्धा रेघ सरळ नाही अशी जागा निवडायची, म्हणजे पट्टीची आठवण येणार नाही.

अशी जागा जुन्या हुबळीत शोधावी लागत नाही. कुठंही उभं राहा.

सोमवारी सकाळी अंबूताईंनी धारवाडहून हुबळीला जाणारी चिगरी बस पकडली. वाटेतलं रायापूर येईपर्यंत बसमध्येच चार पेन्सिली तासल्या. शेजारच्या बाईच्या मांडीवर पडलेला भुसा झटकून दिला आणि उतरल्या त्या थेट जुन्या हुबळीत, अप्पाजींच्या गादी कारखान्यासमोर.

कारखाना म्हणजे एक खोली. त्या खोलीत कापूस मावेना म्हणून धंदा हळूहळू बाहेर आला होता. आधी गटारीवर फरशी आली. फरशीवर तीन पायऱ्या आल्या. पायऱ्यांवर ऊन येतं म्हणून पत्रा आला, पत्रा पडू नये म्हणून दोन बांबू रस्त्यात येऊन उभे राहिले, आणि बांबू नुसतेच उभे बरे दिसत नाहीत म्हणून त्यांच्यामध्ये गाद्या टांगल्या गेल्या. पत्र्याखाली एका बाजूला चंद्रभागा फुलं घेऊन बसायची. ती अळणावरकडच्या खेड्यातनं रोज पहाटेची निघून यायची, आणि गेली वीस वर्षं तिच्या शेवंतीवर ह्याच पत्र्याची सावली होती.

अंबूताईंना जागा फार आवडली. समोरच्या बंद दुकानाच्या कट्ट्याशी त्यांनी घडीचं स्टूल मांडलं, मांडीवर बोर्ड घेतला. हात ताठ केला. पेन्सिल उभी धरली. एक डोळा मिटला आणि अंगठा सरकवला. मग कागदाच्या कडेला, ऑफिसातल्या सवयीनं, सुवाच्य अक्षरात लिहिलं: दार १, पत्रा २॥, पायऱ्या पाऊण.

गल्लीतली शिलाई मशीन थांबली.

आता हुबळी-धारवाडात रस्ते कसे रुंद होतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आधी एक माणूस येऊन रस्त्याच्या पलीकडं उभा राहतो. एक डोळा मिटतो. काहीतरी लिहून घेतो. मग भिंतीवर तांबडी खूण येते, आणि खुणेच्या मागोमाग जेसीबी.

अप्पाजी स्वतः चहा घेऊन आले. साठीचे, जाडजूड, मिशीत कापूस अडकलेला. चहा देता देता त्यांनी मान वाकडी करून कागदाच्या कडेचं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"काय काढालायसा, अक्का?"

"चित्र," अंबूताई म्हणाल्या.

अप्पाजींनी सावकाश मान हलवली. आयुष्यात सरकारी माणसं त्यांनी पुष्कळ बघितली होती. कुणी म्हणायचं सहज आलो, कुणी म्हणायचं जनगणना. चित्र काढतो म्हणणारं पहिल्यांदाच बघत होते. म्हणजे प्रकरण फार वरचं असणार.

उरलीसुरली शंका शेजारच्या प्रवीण टेलरनं फेडली. काकाच्या जागेपायी त्यानं सर्वे ऑफिसला सहा खेपा घातल्या होत्या.

"ह्याच त्या बाई," तो दाराआड उभा राहून म्हणाला. "काकाची भिंत नऊ इंच मागं घ्यायला लावली. चहासुद्धा घेतला नाही."

"रिटायर झाल्या असतील की आता," अप्पाजी म्हणाले.

"मग स्पेशल ड्यूटीवर असणार."

अंबूताईंना ह्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्या डोळे अर्धे मिटून उजेड आणि काळोख बघत होत्या. समोरून ते फारच भयंकर दिसत होतं.

मंगळवारी त्या आल्या तर पत्रा नव्हता. पायऱ्यांवर लख्ख ऊन पडलं होतं, भिंतीवर खिळ्यांची चार भोकं आणि अप्पाजी दारात हात जोडून उभे. आदल्या दिवशी अर्ध्या कागदावर अंबूताईंनी पत्राच काढून ठेवलेला. त्यांनी विचारलं, पत्रा कुठं गेला? अप्पाजी म्हणाले, कुठला पत्रा? अंबूताईंनी कागद पुढं धरला. अप्पाजींनी बघितला आणि म्हणाले, जुना झाला होता अक्का, आमचा आम्हालाच जड वाटालता.

समोर आहे तेच काढायचं, असं निवेदिताचं सांगणं. अंबूताईंनी नवा कागद घेतला. पायऱ्या, बांबू, गाद्या. पायऱ्या बऱ्या जमत होत्या.

बुधवारी पायऱ्या नव्हत्या. गिऱ्हाईकं प्लास्टिकच्या स्टुलावर पाय देऊन कारखान्यात चढत होती. एक भारदस्त बाई चढल्या खऱ्या, पण उतरायला तयार होईनात. अप्पाजींनी शेवटी दोन गाद्या खाली टाकल्या आणि बाईंनी देवाचं नाव घेऊन उडी मारली. ती उडी काढण्यासारखी होती, पण अंबूताई तोवर तिसरा कागद लावत होत्या.

हे लोण मग गल्लीभर पसरलं. कुणाला किती अडीच आणि किती पाऊण हे ठाऊक नव्हतं, तेव्हा जो तो अंदाजानंच मागं सरला. पानवाल्यानं खोकं आत ओढलं, भांडीवाल्यानं टांगलेली पातेली उतरवली, प्रवीणनं मशीन इतकं आत नेलं की त्याला स्वतःला बसायला जागा उरली नाही, तो उभ्यानं काजं करायला लागला. दुपारी गल्लीतनं पाण्याचा टँकर गेला. तिथं आजवर रिक्षा वळली नव्हती. टँकरचा ड्रायव्हर शेवटाला थांबून खाली उतरला आणि कौतुकानं मागं बघत बसला.

अंबूताईंची ऊठबस तर अशी सुरू झाली की विचारू नका. इडली आली, शहाळं आलं, उन्हात बसू नका म्हणून कुणी टेबलफॅन आणून लांब वायरीनं जोडून दिला. पंख्यानं कागद उडून गटारीत गेला. तो चौथा.

बुधवारीच संध्याकाळी प्रवीण टेलर जवळ येऊन उकिडवा बसला. त्याच्या दुकानाचा ओटा कागदाच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर दिसत होता. त्यानं खूप वेळ घसा साफ केला आणि म्हणाला, एवढं बोटभरच आहे, पुसून टाकलंत तर कुणाला कळणार नाही.

"माझ्याकडं रबर नाही," अंबूताई म्हणाल्या.

"मी आणून देतो की."

"नको. आहे ते आहे. पुसणं मी सोडलंय."

प्रवीण उठला. गल्लीभर बातमी गेली की बाई पुसत नाहीत. ऐकून लोकांची भीती वाढली आणि बाईंबद्दलचा आदरही. असलं माणूस ऑफिसात टिकतं कसं, असं भांडीवाला म्हणाला.

गुरुवारी रात्री नऊ कागद वाया गेल्यावर अंबूताईंनी निवेदिताला फोन केला. सांगितलं की जे काढायला घेते ते दुसऱ्या दिवशी नसतं, आज तर भिंतीचा रंगसुद्धा बदलला. निवेदिता आधी मनसोक्त हसली. मग तिनं विचारलं, काकू, मडकं तर जागेवरच होतं, ते का नाही संपलं? निवेदितानं सांगितलं, उद्याचा दिवस नुसतं बघा. परवा पेन्सिल घरी ठेवून जा. शाईचं पेन, एक ब्रश, एक जाड कागद. एका बैठकीत काढा आणि उठा.

शुक्रवारी अंबूताई नुसत्या बसल्या. बघायला लागल्यावर पहिल्यांदा त्यांना चंद्रभागा दिसली. ती रोजच्याच जागी बसली होती, पण डोक्यावर आता पत्रा नव्हता. मोडक्या काडीची काळी छत्री एका हातात, दुसऱ्या हातानं हार ओवायचं चाललेलं, आणि दोन्ही एकदम होत नव्हतं. छत्री धरली की हार सुटायचा, हार धरला की छत्री मागं कलंडायची. फुलांवर ओलं फडकं टाकलं होतं. बाराच्या आत शेवंती माना टाकायची.

अंबूताई उठून तिच्याकडं गेल्या. म्हणाल्या, मी ऑफिसातली नाही हो आता, शपथेवर सांगते, चित्र काढायला शिकतेय.

"मला माहीत आहे," चंद्रभागा म्हणाली. "ऑफिसातलं माणूस सलग पाच दिवस कामाला येतं होय?"

"मग ह्यांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं. अप्पाजी म्हणाले, तू फुलं विक." तिनं छत्री सरळ केली. "बाई, तेवढं चित्र संपवा की. संपल्याशिवाय तुम्ही जाणार नाही, आणि तुम्ही गेल्याशिवाय पत्रा येणार नाही. चार दिवस झाले, माझी फुलं करपालीत."

सदतीस चित्रं अर्धी राहिली, तेव्हा कागदाशिवाय कुणाचं काही बिघडलं नव्हतं. ह्या अडतिसाव्यापायी एक बाई उन्हात बसली होती. अंबूताईंनी पिशवीतली स्वतःची छत्री काढून दिली. ती चंद्रभागेनं फुलांवर धरली.

शनिवारी अंबूताई आल्या तेव्हा अप्पाजींनी कमाल केली होती. गाद्या आत, बांबू आत, बोर्ड उतरवलेला, शटर अर्धं खाली. उरली होती नुसती एक भिंत. चुन्याचा नवा हात दिला होता, पण तोही घाबरत घाबरत, एकच पातळ. समोर पायऱ्यांच्या जागी तीन फिकट पट्टे. खिळ्यांची भोकं. आणि फुलांवर अंबूताईंची छत्री धरून बसलेली चंद्रभागा.

अडलं तर रिकामी जागा काढायची. अंबूताई स्टुलावर बसल्या आणि पेनचं टोपण काढलं. हात ताठ केला नाही, डोळा मिटला नाही. पहिली रेघ छत्रीच्या भोवतीच्या उजेडाची मारली. छत्री काढलीच नाही, ती आपोआप मधे उरली. मग चंद्रभागेच्या पाठीमागची भिंत काढली, तर पाठ उभी राहिली. नाक मात्र काढावंच लागलं, आणि ते जरा लांब झालं. हात सवयीनं मांडीशी गेला, जिथं रबर असायचं. मांडीवर काही नव्हतं. अंबूताईंनी लांब नाकाला शोभेल अशी हनुवटी दिली आणि पुढं गेल्या.

शाईत पाणी घालायला पाणी नव्हतं. चंद्रभागेनं फुलं शिंपडायचा डबा पुढं सरकवला. त्यात ब्रश बुडवून अंबूताईंनी करड्या रंगाचा एक सपाट हात भिंतीवर मारला. छान बसला. पाठीमागं आता पंधरावीस माणसं जमली होती. प्रवीण टेलर तेवढा आदरानं शहाळं घेऊन पुढं आला, आणि त्याचा पाय पंख्याच्या वायरीत अडकला.

शहाळ्याचं पाणी सरळ भिंतीवर आलं. म्हणजे कागदावरच्या. करडा रंग उठला आणि खाली चंद्रभागेच्या डोक्याकडं वाहायला लागला. प्रवीण रिकामं शहाळं काखेत धरून बोटांवर काहीतरी मोजायला लागला. नऊ इंचाच्या वर आता किती जाणार, ह्याचा तो हिशेब करत असावा.

अंबूताईंनी बोर्ड उभा धरला, मग आडवा केला. पाणी एका कडेला आलं.

"कापूस आणा," त्या म्हणाल्या.

हुबळीत ह्या घडीला दुसऱ्या कुठल्या चित्रकाराला इतका कापूस मिळाला नसता. अप्पाजी शटरखालून आत शिरले आणि मिठी मारावी एवढा गठ्ठा घेऊन बाहेर आले. अंबूताईंनी त्यातली चिमूट घेतली, पाणी टिपलं. जिथं टिपलं तिथला रंग उठून आला आणि खालचा कागद पांढरा झाला. त्या थांबल्या. समोरच्या भिंतीकडं बघितलं. पातळ चुन्याखाली पत्र्याची जागा अजून दिसत होती, वीस वर्षं ऊनपाऊस न लागलेली, बाजूच्या भिंतीपेक्षा उजळ. त्यांनी दुसरी चिमूट घेतली आणि कागदावरही तेवढीच जागा टिपून काढली. तिरकी, एका बाजूला उतरती, तशीच.

मागं कुणीतरी श्वास सोडला. अप्पाजी वाकून बघत होते.

"हा माझा पत्रा आहे," ते हळूच म्हणाले. "नाहीये, पण आहे."

"हो."

"आणि ही चंद्रव्वा."

"माझं नाक असं आहे होय?" चंद्रभागेनं जागेवरूनच विचारलं. चारपाच जणांनी एकदम सांगितलं की असंच आहे. तिनं नाक चाचपून बघितलं आणि परत हार ओवायला लागली.

अप्पाजी सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सहा दिवसांनी रक्त आलं होतं. ऑफिससाठी मापं घेणारं माणूस चंद्रव्वाचं नाक कशाला काढेल, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. तरी धंदेवाईक माणूस, तोंडी कशावर विश्वास ठेवायचा नाही.

"मुगीतु म्हणायचं का मग, अक्का? संपलं?"

अंबूताईंनी कागदाकडं बघितलं. शटर वाकडं होतं. तिसरा पट्टा दुसऱ्यापेक्षा रुंद झाला होता. मडक्याच्या दोन्ही कडांसारखं सगळं त्यांच्या अंगावर धावून आलं. आणखी दहा मिनिटं, त्यांना वाटलं, आणखी थोडंसं. उद्या सकाळीसुद्धा येता येईल, रविवार आहे. समोर चंद्रभागेनं छत्री फुलांवरून काढून क्षणभर स्वतःवर धरली, आणि परत फुलांवर नेली.

"संपलं," अंबूताई म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी चित्राबद्दल कधी उच्चारला नव्हता. तो कसा लागतो ते त्यांना नीट कळलंही नाही, कारण अप्पाजी म्हणाले, तसं लिहून द्या. प्रवीण म्हणाला, तारीख घाला. भांडीवाला म्हणाला, कन्नडमध्येही लिहा, सगळ्यांना वाचता येऊ दे. अंबूताईंनी उजव्या कोपऱ्यात 'पूर्ण' असं लिहिलं, त्याच्याखाली तेच कन्नडमध्ये, त्याच्याखाली तारीख, आणि शेवटी छत्तीस वर्षं नकाशांवर करायच्या ती लांबलचक सही.

चित्र हातोहात फिरायला लागलं. पाच माणसांनंतर ते लांबून अंबूताईंना दिसलं, आणि दिसल्याबरोबर कळलं की छत्रीची दांडी चंद्रभागेच्या मुठीत नाहीच आहे, चार बोटं बाजूनं खाली गेलीय. छत्री हवेत तरंगत होती. त्या स्टुलावरून उठल्या, पेन पुढं करून गर्दीत शिरल्या. एक रेघ, एवढीच एक.

अप्पाजींनी कागद वर धरला, त्यांच्या हाताला लागणार नाही इतका वर.

"सही झाल्यावर बदल चालत नाही, अक्का," ते म्हणाले. "तुमच्याच ऑफिसात शिकलोय."